शुगर उतरली, वजन उतरलं, तळपायांची आग मात्र वाढली (पोटाच्या बायपासनंतर) – कुणाला अनुभव?

जास्वंद (नाशिक)

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज लिहायला बसले कारण रात्रीचे पावणेतीन वाजलेत आणि झोपेचं नाव नाही.

वय ५३, शुगर पंधरा-एक वर्षांची, आमच्याकडे आई-मावशी सगळ्यांनाच. वजन ११४ वर गेलेलं, दोन वेळा इन्शुलिन टोचूनसुद्धा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ११.२, गुडघे बोंब मारत होते. शेवटी सासर-माहेर दोन्हीकडचा विरोध पत्करून दिवाळीनंतर मिनी बायपास (वजन-शुगरसाठी पोटाचं ऑपरेशन) करून घेतला. ऑपरेशनबद्दल काडीची तक्रार नाही. इन्शुलिन बंद झालं, नुसती मेटफॉर्मिन उरली, वजन ८९ आणि परवाचा रिपोर्ट ६.४. जिन्याने तिसरा मजला चढते. सोसायटीतल्या बायका विचारतात काय खातेस गं, म्हटलं काही खाता येत नाही म्हणूनच तर :)

पण पाय!! दिवेलागणीला सुरू होतं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या, मग तळव्यांची आग, आणि मध्येच असा चटका बसतो की पाय आपोआप उडतो. चादर पायाला लागलेली सहन होत नाही. किचनच्या गार फरशीवर उभं राहिलं की जरा बरं म्हणून रात्री तिथेच फेऱ्या मारते. आणि विचित्र म्हणजे एवढी आग होणाऱ्या त्याच पायात परवा काच घुसली तर मला पत्ताच नाही, हॉलमधल्या फरशीवर लाल ठसे बघून मिस्टर ओरडले तेव्हा कळलं.

माझा प्रश्न असा की शुगर ११ असताना नुसत्या थोड्या मुंग्या होत्या, आता सगळं नॉर्मलला आलं तर हे का वाढावं? सर्जनना विचारलं तर म्हणाले जुन्या शुगरची न्यूरोपॅथी आहे, म्हणजे नसा खराब झाल्यात, याच्यासोबत जगायला शिका. प्रीगॅबालिन ७५ दिलीय रात्री झोपताना, त्याने आग थोडी कमी होते पण सकाळी अकरापर्यंत डोकं जड, भाजी चिरताना पेंगते. असं कुणाला झालंय का ऑपरेशननंतर? आणि रात्र कशी काढता?

शेवग्याची_शेंग (डोंबिवली)

ताई वाचूनच वाईट वाटलं. ऑपरेशनचं मला कळत नाही पण चादरीवर एक उपाय सांगते, सासूबाईंना हाच त्रास होता. पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, मिक्सर-कुकरचा येतो तसला, दोन बाजू कापून बोगद्यासारखा करा आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवून त्यात पाय. चादर खोक्यावर राहते, पायाला लागत नाही. दिसायला विनोदी आहे पण सासूबाई त्यात घोरायच्या.

स्पष्टवक्ता (सोलापूर)

राग मानू नका पण चांगलं धडधाकट पोट कापून घ्यायचं आणि मग पाय दुखतात म्हणायचं. रोज पहाटे चालणं आणि ज्वारीची भाकरी, याने शुगर जात नाही असं मला कुणी दाखवावं. हल्ली सगळ्यांना शॉर्टकट पाहिजे.

चहाबाज (ठाणे)

@स्पष्टवक्ता काका, ११४ किलो आणि गेलेल्या गुडघ्यांवर पहाटे चालून दाखवा मग बोलू.

@जास्वंद, तुमची पोस्ट वाचताना मला वाटलं माझीच फाईल कुणीतरी टाकली. माझी स्लीव्ह (वजनाचंच दुसरं ऑपरेशन, पोट लहान करतात) झाली, वय ४६, एचबीएवनसी १२ च्या वर होतं ते तीन महिन्यांत ६ वर, आणि तिसऱ्याच महिन्यात पाय पेटले. मी तर पाय फ्रीजरमधल्या मटारच्या पाकिटांवर ठेवून बसायचो (हे करू नका, पुढे कुणीतरी ओरडेलच). दोन डॉक्टरांनी 'जुनी शुगर' एवढंच सांगून पाठवलं. तिसरे न्यूरॉलॉजिस्ट होते, त्यांनी जुने-नवे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे मांडायला लावले आणि पहिला प्रश्न विचारला, शुगर किती दिवसांत उतरली?

तर याला ट्रीटमेंट इन्ड्यूस्ड न्यूरोपॅथी म्हणतात. वर्षानुवर्षं चढी असलेली शुगर एकदम खाली आली की नसांचे बारीक तंतू बिथरतात. साधारण तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन पॉइंटपेक्षा जास्त उतरलं तर हा धोका धरतात आणि उतार जितका मोठा तितका जास्त. तुमचा तर जवळपास पाच पॉइंटचा आहे. पूर्वी याला इन्शुलिन न्यूरायटिस म्हणायचे, १९३३ साली पहिल्यांदा लिहिला गेला, कारण तेव्हा इन्शुलिन नवीन होतं आणि शुगर त्यानेच उतरायची. प्रत्यक्षात कशानेही उतरली तरी होतं, इन्शुलिन, गोळ्या, ऑपरेशन, अगदी कडक डाएटनेसुद्धा, म्हणजे काकांच्या भाकरीनेही होऊ शकतं :P

चांगली बातमी अशी की हा प्रकार बऱ्याच लोकांत हळूहळू ओसरतो. हळूहळू म्हणजे आठवड्यात नाही, महिने लागतात, मला वर्षाच्या आसपास लागलं. पण 'जगायला शिका' आणि 'ओसरेल' यात रात्री तीन वाजता जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शुगर मुद्दाम वाढवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आणि हो, डोळ्याचा पडदा लगेच तपासून घ्या. शुगर अशी झपकन उतरली की रेटिना पण काही काळ बिघडू शकतो, माझ्यात निघालं होतं.

जास्वंद (नाशिक)

@चहाबाज तुम्हाला कसं सांगू, हे मिस्टरांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले आधी प्रिंट काढ. मला इतके दिवस वाटत होतं की मी नाटकं करतेय असं सगळ्यांना वाटतंय. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली.

@शेवग्याची_शेंग खोका मिळाला, वॉटर प्युरिफायरचा, आज रात्री प्रयोग.

गोळ्यावाला (सांगली)

मेडिकल दुकान आहे माझं, डॉक्टर नाही, पण बायपासवाले पेशंट महिन्याला येतात म्हणून लिहितो. चहाबाज यांचं बरोबर असेल पण एकाच कारणावर गाडी लावू नका. ताई, बी१२ कधी तपासलं? बायपासमध्ये अन्नाचा रस्ता बदलतो, पोटातलं आम्ल कमी पडतं, त्यामुळे जेवणातून बी१२ नीट शोषलं जात नाही, शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानेही बी१२ उतरतं, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर तिसरी भर. आणि बी१२ कमी झालं की होणारा त्रास पण हाच, मुंग्या, आग, बधिरपणा. नुसतं बघून फरक कळत नाही, शुगरवर बिल फाडलं जातं आणि बी१२ सुटतं.

लोक म्हणतात बी-कॉम्प्लेक्स चालू आहे की. स्ट्रिप उलटी करून वाचा. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बी१२ पाच-पंधरा मायक्रोग्रॅम असतं, बायपासवाल्याला तोंडाने घ्यायचं तर रोजचे काहीशे ते हजार मायक्रोग्रॅम लागतात नाहीतर इंजेक्शन. आणि हे जन्मभर, तीन महिन्यांचा कोर्स नव्हे.

अजून दोन गोष्टी. एक, 'नसांच्या' गोळ्या दोन-तीन कंपन्यांच्या एकत्र घेऊ नका, बऱ्याच गोळ्यांत बी६ असतं आणि ते फार दिवस फार जास्त झालं तर त्यानेच नसा खराब होतात. दोन, ऑपरेशननंतर केस गळतात म्हणून बायका झिंकच्या गोळ्या स्वतःच चालू करतात. झिंक जास्त झालं की तांबं कमी होतं आणि तांब्याच्या कमतरतेने पाय बधिर, चालताना तोल जाणं वगैरे होतं. केस येतात हो परत, झिंकशिवाय पण.

आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसेक्लोफिनॅक यातली कुठली पेनकिलर घेत असाल तर आजच बंद आणि सर्जनना सांगा. बायपासच्या जोडावर अल्सर होतो. नसांच्या दुखण्याला त्यांचा तसाही उपयोग नाही.

जास्वंद (नाशिक)

@गोळ्यावाला शाकाहारीच आहे. डिस्चार्ज कागदावर मल्टिव्हिटॅमिन तीन महिने असं लिहिलेलं, पुढे काय ते कुणी बोललंच नाही, मी विचारलं तर डाएटिशियनला विचारा म्हणाले आणि डाएटिशियन बदलून गेलेल्या. झिंक नाही घेत, केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेते.

गोळ्यावाला (सांगली)

बायोटिन रक्त तपासायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, लॅबला सांगा पण. थायरॉइड वगैरेचे आकडे त्याने भलतेच येतात.

नागपुरी_संत्रं

ताई, मी ७२ वर्षांचा माणूस, शुगर ३० वर्षांची. आमच्या आईच्या वेळेपासून एकच उपाय, काशाची वाटी. तळपायाला साजूक तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने घासायचं, तूप काळं पडेपर्यंत. उन्हाळ्यात तर नागपुरात घरोघरी. झोप अशी लागते का विचारू नका. नाहीतर तळव्याला मेंदी लावा. गोळ्या खाऊन खाऊन मूत्रपिंड खराब करून घेऊ नका बाप्पा.

आकाशकंदील (पुणे)

मी एका फूट क्लिनिकमध्ये काम करते, दिवसभर पायच बघते. संत्रं काका, काशाच्या वाटीला माझा विरोध नाही, हलक्या हाताने, दुसऱ्या कुणी केलं तर. बरं वाटतं हे खरंच आहे आणि चोळलेल्या जागी दुखणं थोडा वेळ दबतं. पण जास्वंदताईंच्या पायात काच गेलेली कळली नाही हे वाक्य वाचून मी सावध झालेय. ज्या पायाला काच कळत नाही त्याला वाटी किती जोरात घासतोय तेही कळत नाही, कातडी सोलवटलेले तळवे आमच्याकडे येतात. तसंच गरम पाण्याची बादली, शेकायची पिशवी, हीटरसमोर पाय, आणि चहाबाज यांचे मटार (हो, ओरडतेय). गरम पाण्याने भाजलेला पाय दर थंडीत एक तरी येतोच. पेशंट म्हणतात, 'कोमटच होतं हो.' पाणी कोपराने बघा, पायाने नाही.

आग आणि बधिरपणा एकाच पायात कसे असतात ते बऱ्याच जणांना कोडं वाटतं. बारीक तंतू चिडलेले असतात म्हणून आग, आणि जे मेलेत ते खरी खबर देत नाहीत म्हणून काच कळत नाही. आमच्याकडे तपासतात ते अगदी साधं आहे, एक नायलॉनचा केसासारखा तंतू तळव्यावर ठराविक ठिकाणी टेकवतात, तो दहा ग्रॅमच्या दाबाने वाकतो. डोळे मिटून सांगायचं कळला की नाही. मग १२८ हर्ट्झचा थरथरणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर, थरथर कळते का. आणि बायोथेसिओमीटर नावाचं मशीन, त्यात थरथर व्होल्टमध्ये वाढवत नेतात, २५ व्होल्टच्या वर जाऊनही कळली नाही तर त्या पायाला जखमेचा धोका मोठा धरतात. दुखत नाही, सुई नाही. हे प्रत्येक शुगरवाल्याने वर्षातून एकदा करावंच, दुखो वा न दुखो.

बी१२ बद्दल गोळ्यावाला यांना अनुमोदन. त्यात भर म्हणजे ऑपरेशननंतर उलट्या होत होत्या का? बी१ म्हणजे थायमिनचा शरीरात साठा फारच कमी असतो, दोन-तीन आठवडे नीट खाणं टिकलं नाही तर संपतो. त्याने पायातली ताकद झपाट्याने जाते, चालताना झोकांड्या, डोळ्यांसमोर एकाचे दोन दिसणं, विसरभोळेपणा. असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जायचं आणि बायपास झालाय हे दारातच सांगायचं, ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन द्यावं लागतं.

तांबडापांढरा (कोल्हापूर)

धागा लै भारी चाललाय. माझा पण बायपास झालाय, पाय अजून तरी बरे हायत. एक विचारायचं होतं, बायपासनंतर शनिवारी एखादा पेग चालतो काय? का त्याचा पण पायाशी संबंध हाय?

चहाबाज (ठाणे)

हाय की. बायपासनंतर दारू रक्तात झटकन चढते आणि जास्त चढते, एक पेग दोनचं काम करतो. आणि दारू स्वतःच नसांची वैरी, वर बी१ पण कमी करते. पाय बरे आहेत तर बरेच राहू देत. रस्सा प्या, वाटीभरच पण :)

पायवाट (पुणे)

फिजिओ आहे. एक वेगळीच गोष्ट, कारण वजन उतरलेल्या लोकांत दर वर्षी एखादी केस बघतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या डोक्यावरून एक नस जाते, तिच्यावर एरवी चरबीची गादी असते. वजन पटकन गेलं की गादी पण जाते आणि मग पायावर पाय टाकून बसणं, तासन्‌तास मांडी, उकिडवं बसून निवडणं-टिपणं यात ती नस हाडावर दाबली जाते. एका पायाचं पाऊल वर उचलेनासं होतं, चप्पल घासत चालतो माणूस, पायाच्या वरच्या भागावर बधिरपणा. हे सहसा एकाच पायाला होतं, न्यूरोपॅथी दोन्ही पायांना सारखी, मोज्यासारखी चढते. ताई तुमचं दोन्हीकडे आहे म्हणजे हे नसावं, पण टाचांवर चालून बघा, जमतंय का.

जास्वंद (नाशिक)

टाचांवर चालता येतंय, आत्ता हॉलभर चालले, मुलगा विचारतोय काय खूळ लागलं. उलट्या सुरुवातीला होत्या, पोळी अडकायची तेव्हा, आता नाही. चालताना तोल वगैरे ठीक आहे.

एडिसनकर (न्यू जर्सी)

इकडे मला शुगरची न्यूरोपॅथी सात-आठ वर्षं आहे आणि गॅस्ट्रिक बायपास त्यानंतर झालाय. गोळ्यांबद्दल लिहितो, तुमच्या डॉक्टरांना विचारायला उपयोगी पडेल. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही चारच नावं फिरून फिरून येतात, जगात कुठेही जा. प्रीगॅबालिनने पायावर सूज येते आणि वजन वाढतं, जे आपल्यासारख्यांना नकोच असतं, पण म्हणून एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करतात. किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी लागतो. ड्युलॉक्सेटिनने वजनाचा प्रश्न कमी पण कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आवरण असतं आणि बायपासनंतर ते औषध कमी शोषलं जाऊ शकतं, माझ्यात तेच झालं असावं असं डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या डोसला काही फरक नाही. ज्या गोळ्यांवर 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेलं असतं त्यांचंही तसंच, सावकाश विरघळणारी गोळी आपल्या छोट्या रस्त्यात पुरती विरघळेलच असं नाही, विचारून घ्या.

इकडे मिरचीच्या अर्काचा (कॅप्सेसिनचा) ८ टक्के पट्टा पायाच्या न्यूरोपॅथीला २०२० पासून मान्य आहे, क्लिनिकमध्ये अर्धा तास लावतात. लावतानाच ठसका उडतो आणि पायाची तर होळी, पण नंतर दोन-तीन महिने जरा सुसह्य. भारतात कॅप्सेसिनची कमी टक्क्याची मलमं मिळतात, दिवसातून तीन-चारदा काही आठवडे लावलं तर परिणाम. लावल्यावर हात साबणाने दोनदा धुवा, मी एकदा तोच हात डोळ्याला लावला होता, जाऊ दे.

स्पष्टवक्ता (सोलापूर)

एवढी औषधं, पट्टे, मशीन. आणि म्हणे ऑपरेशन यशस्वी.

शेवग्याची_शेंग (डोंबिवली)

काका, माझ्या सासूबाईंनी ऑपरेशन केलं नव्हतं. भाकरीच खायच्या. पाय शेवटी घोट्यापासून गेला. प्लीज आता बास.

जास्वंद (नाशिक)

मंडळी, रिपोर्ट आले. बी१२ १७२, लॅबच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी. हिमोग्लोबिन १०.१, व्हिटॅमिन डी पण खालीच, तांबं काठावर पण ठीक. डोळ्यात थोडे बदल आहेत, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. न्यूरॉलॉजिस्टनी एनसीव्ही केली, पायाला छोटे छोटे करंट देतात ती, त्यात नसा मंद आहेत असं आलं. ते म्हणाले बारीक तंतूंचं दुखणं या टेस्टमध्ये दिसतंच असं नाही त्यामुळे ती नॉर्मल आली असती तरी तुमची आग मी खोटी मानली नसती. हे ऐकून मला तिथेच रडू आलं.

त्यांचं म्हणणं दोन्ही आहे, शुगरची घसरगुंडी आणि बी१२, कुणाचा वाटा किती ते सांगता येत नाही आणि गरजही नाही, बी१२ भरून काढायचं, शुगर स्थिर ठेवायची आणि वेळ जाऊ द्यायचा. इंजेक्शन सुरू झालं, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला कायम. थायमिन पण दिलं, म्हणाले टेस्टची वाट बघत बसण्यापेक्षा देऊन टाकलेलं बरं. प्रीगॅबालिन झोपताना नाही तर संध्याकाळी साडेसातला घ्यायला सांगितली. एवढ्याशा बदलाने सकाळचं जडपण निम्मं झालं, आणि आग सुरू होते त्याच वेळी गोळी हजर असते. हे मला आधी कुणीच का नाही सांगितलं!!

मिनी बायपासवाल्या अजून कुणाला कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही हे माहीत होतं का? दोघांत दोन तास अंतर. माझा गोळ्यांचा डबा आता रेल्वेच्या टाइमटेबलसारखा झालाय.

गोळ्यावाला (सांगली)

छान झालं. कॅल्शियम सायट्रेट आहे ना बघा, कार्बोनेट असेल तर बदलून घ्या, त्याला आम्ल लागतं.

नागपुरी_संत्रं

बी१२ चं मला माहीतच नव्हतं जी. ३० वर्षं शुगर आणि वीस वर्षं मेटफॉर्मिन, कधी तपासलं नाही कुणी. उद्या मुलाला सांगतो. वाटी मात्र सोडणार नाही, हलकी हलकी फिरवीन.

एक_वाचक

माझे वडील रात्री पायाची आग म्हणून ओल्या टॉवेलवर पाय ठेवून झोपतात. चालतं का? पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात पांढरं पांढरं होतं.

आकाशकंदील (पुणे)

@एक_वाचक नको. तो पांढरा भाग म्हणजे चिखल्या, बुरशी असते, ओल्या टॉवेलने आमंत्रण. तिथे चीर पडली की जंतू आत जायला रस्ता तयार. गार वाटायला पंखा पायांकडे करा, तो सगळ्यात निरुपद्रवी. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचक्यातून सुती फडकं फिरवून कोरडं करा, खोबरेल किंवा व्हॅसलिन तळव्याला आणि टाचेला लावा, बेचक्यात अजिबात नाही. रात्री मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तळवे बघा, वडिलांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. कुरूप असेल तर मेडिकलमधली कॉर्न कॅप लावू नका, त्यातलं अॅसिड चांगली कातडी पण खातं. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला वाटला, दुखत नसला तरी, त्याच दिवशी दाखवा, त्यात हाडं खचतात आणि लोक मुरगळला म्हणून चोळत बसतात.

घरात पण अनवाणी नाही. एमसीआर चपला घ्या, आत मऊ रबर असतं, दिसायला साध्या. अंगठा अडकवायची नको, मागे पट्टा असलेली घ्या, बधिर पायातून चप्पल निसटते ते कळत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत.

चहाबाज (ठाणे)

बूट संध्याकाळी घ्यायला जा, सकाळी घेतलेला संध्याकाळच्या पायाला टोचतो. आणि घालायच्या आधी रोज उलटा करून झटका, माझ्या बुटात लेकीचा लेगो निघाला होता. पायाला कळला नसता.

जास्वंद (नाशिक)

बऱ्याच दिवसांनी येतेय, मे संपत आला. काहीजणांनी विपू (विचारपूस, खासगी निरोप) करून विचारलं म्हणून सांगते. आग आहे, गेली नाही. पण आता दिवेलागणीला नाही तर झोपायच्या सुमाराला येते आणि रोज येत नाही. खोका निघाला, चादर चालते. करंटसारखे चटके जवळजवळ बंद. बी१२ वर आलं, एचबीएवनसी ६.१ वर थांबलंय आणि डॉक्टर म्हणाले अजून खाली आणायची घाई नको. बधिरपणा मात्र जसाच्या तसा आहे, तो नायलॉनचा तंतू टेकवला तर उजव्या अंगठ्याला कळत नाही. तो बहुधा जुनाच, आगीच्या गडबडीत लक्षात आला नव्हता.

आता नवीन प्रश्न. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, दर वर्षी सासूबाई नाशिकपर्यंत चालतात आणि मी गाडीतून पाण्याचे जार घेऊन जायचे, चालणं शक्यच नव्हतं. या वर्षी मला चालायचंय. पंढरपूर नाही हो, निदान त्र्यंबकहून एक टप्पा. सासूबाई म्हणतात पालखीत अनवाणीच चालायचं, नाहीतर कसली वारी.

नागपुरी_संत्रं

चाला ताई. पण अनवाणी नको. विठोबाला काय चप्पल दिसत नाही का.

पायवाट (पुणे)

चालायला हरकत नाही, पण जूनच्या दुपारचा डांबरी रस्ता म्हणजे तवा, बधिर तळव्याला फोड आलेला कळणार नाही आणि तुम्ही चालत राहाल. आत्तापासून रोज थोडं वाढवत नेलंत तरच. नवे बूट पालखीला काढायचे नाहीत, आजपासून घालायला लागा, आधी घरात अर्धा तास मग वाढवत. मोजे सुती, पांढरे, इलॅस्टिक घट्ट नसलेले, पांढरे यासाठी की रक्त-पू दिसतो. दर तासाला थांबून बूट-मोजे काढून तळवे बघायचे, मिस्टरांना बघायला सांगा. दोन जोड मोजे जास्तीचे. आणि घोटघोट पाणी, मिनी बायपासमध्ये एकदम पिता येत नाही त्यामुळे तहान लागल्यावर प्यायला गेलात तर उशीर झालेला असतो. बीपीची गोळी चालू असेल तर एकदा मोजून घ्या, वजन गेल्यावर जुना डोस जास्त होतो आणि उन्हात उभं राहिलं की अंधारी येते.

आकाशकंदील (पुणे)

पायवाट यांच्या सगळ्याला हो. आणि गाडी मागे असू द्या. पालखीत पायाला गरम पाण्याने मसाज करून देणारे सेवेकरी असतात, त्यांना नम्रपणे नको म्हणा. निघायच्या आठवडाभर आधी पाय एकदा दाखवून घ्या, उजव्या अंगठ्याचं विशेष, तिथे कातडी जाड झालेली असेल तर ती आधी काढून घ्यावी लागते, घरी ब्लेडने नाही.

जास्वंद (नाशिक)

हो हो, अपॉइंटमेंट घेतेच. सासूबाईंना आकाशकंदील यांची पोस्ट मोठ्या अक्षरात करून दिली. बराच वेळ वाचत होत्या, मग म्हणाल्या तो चिमटा आणि केसाची टेस्ट माझीपण करून आण. त्यांना शुगर आहेच, पायाचं कधी बोलल्या नव्हत्या. दोघींची एकाच दिवशी घेतली.

तांबडापांढरा (कोल्हापूर)

ताई, वारीचा फोटो टाका, बुटासकट.